वजनखोलीतली ऊब

९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मी ठणठणीत आहे. पहिल्याच ओळीत लिहून टाकलं, कारण तुला धीर नसतो आणि तू माझी पत्रं शेवटाकडून वाचायला घेतेस. फोनवर तुला ऐकू येत नाही, मोबाइलवरची अक्षरं तुला मुंग्या वाटतात, म्हणून कागद.

ऑपरेशनला पाच महिने झाले. गळ्यातली गाठ गेली, तिच्याबरोबर थायरॉइडही गेली, आणि आता तिचं सगळं काम एक पांढरी गोळी करते. डिसेंबरात डॉक्टरबाईंनी मात्रा शंभरावरून दीडशेवर नेली. दीडशे म्हणजे मायक्रोग्रॅम हं! आता सोळा वर्षं वजनं तपासणाऱ्या बाईला हा शब्द ऐकून राहवेल का? सुट्टीत डबा खाऊन झाल्यावर मी ती गोळी आमच्या तराजूवर ठेवली. एकशे दहा मिलिग्रॅम भरली. म्हणजे गोळीचे सातशे भाग केले, तर त्यातला एक भाग औषध आणि बाकी सगळी भर.

मग आमच्याकडचं एक मिलिग्रॅमचं वजन काढलं. तू ते पाहिलेलं नाहीस. पत्र्याची कातरलेली एवढीशी कपची असते. चिमट्यानं उचलताना श्वास रोखून धरावा लागतो, नाहीतर उडून जाते. तिचे सात तुकडे करायचे आणि त्यातला एक उचलायचा. एवढंच माझं दिवसभराचं औषध! तेवढ्यावर काळीज चालतं, अन्न पचतं, केस उगवतात, हातपाय गरम राहतात, आणि माणसाला बरं वाटतं ते वेगळंच. मूर्ती लहान पण कीर्ती महान हे कुणीतरी या गोळीला बघूनच म्हटलं असणार. मी चिमटा हातात धरून कितीतरी वेळ तशीच बसले होते. जिराफ (माझ्या शेजारच्या टेबलावरचा, साडेसहा फुटी) म्हणाला, "काय गं, समाधी लागली का?"

आता खरी बातमी. आमच्या वजनखोलीत एक किलोचं मुख्य वजन आहे. बाकी सगळी वजनं त्याच्याशी ताडून पाहतात. ते काचेच्या झाकणाखाली असतं आणि पाच वर्षांतून एकदाच बाहेर काढतात. त्याला हात लावायचा नाही, कातडं लावलेल्या चिमट्यानं उचलायचं, आणि चुकून ओरखडा उठला तर संपलंच, ते वजन पूर्वीचं राहत नाही. दर वेळी साहेब स्वतः ते मोजायचे. यंदा ते निवृत्त होतायत. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ते काम करायचंय, आणि साहेब म्हणाले, "या खेपेला तू." आत्या, सोळा वर्षं मी या तीन शब्दांची वाट बघत होते.

बाकी विशेष नाही. केस जरा गळतात. तू एकतीस वर्षं हीच गोळी घेतेस, तर काही युक्त्या असतील तर सांग.

तुझी,
खारू

---

१७ फेब्रुवारी

खारूताई,

पत्र सुरुवातीपासून वाचलं. झालं समाधान?

मुख्य वजनाचं वाचून ऊर भरून आला. सगळ्या वजनांचं थोरलं वजन आणि ते आमच्या खारूच्या हातात! शेजारणीला बोलावून वाचून दाखवलं. तिला काडीचं कळलं नाही, पण कौतुक केलं बिचारीनं.

आता युक्त्या. सकाळी उठल्या उठल्या गोळी, घोटभर पाण्याबरोबर, आणि त्यानंतर तासभर तोंड बंद. चहासुद्धा नाही. चहा थांबतो, गोळी थांबत नाही. कॅल्शियमच्या नाहीतर लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या चार तासांनी, त्यांचं आणि हिचं सवतीसारखं वैर आहे. केसांचं म्हणशील तर पहिल्या वर्षी माझेही जायचे, मी कंगवा लपवून ठेवायची. पुढे थांबले. आणि विसरलीस तर दुसऱ्या दिवशी हावरटासारख्या दोन गिळू नकोस, डॉक्टरला विचार.

झाल्या युक्त्या. आता मला एक सांग. "ठणठणीत" हा शब्द लिहिताना तुझा हात का कापत होता? एका ओळीत बसणारं वाक्य तू दीड ओळीत लिहिलंयस, आणि काना सरळ उतरेल तर शपथ. तुझं अक्षर मी तू पहिलीत असल्यापासून वाचतेय. मला ऐकू येत नाही, दिसतं चांगलं.

उंटावरून शेळ्या हाकतेय असं वाटलं तर वाटू दे. खरं लिही.

तुझी आत्या

---

२८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पकडलंस.

हात कापतात. कायम नाही, पण बारीक काम आलं की हमखास. मनगटापासून बोटांपर्यंत एक थरथर येते, लांब उभ्या मोटारीचं इंजिन चालू असावं तशी. छातीत धडधडतं, बसल्या जागी. सगळे स्वेटर घालून बसलेले असतात आणि मला घाम फुटतो. परवा जिराफानं खिडकी लावली म्हणून मी त्याच्यावर अशी खेकसले की तो बिचारा उठून बाहेरच गेला. आणि गेल्या सोमवारी माझ्या चिमट्यातून पन्नास मिलिग्रॅमचं वजन निसटलं. चार तास फरशीवर रांगत होते. सापडलं ते माझ्याच चपलेखाली. तेव्हापासून चोराच्या मनात चांदणं, साहेब नुसते खोकले तरी मी दचकते.

पण काळजी करू नकोस, मी उपाय शोधलाय. आमच्याकडे नियम आहे: तराजू तीन भाग जास्त दाखवत असेल तर वहीत तीन भागांची दुरुस्ती लिहायची आणि पुढे जायचं. मी तेच केलं. ज्या दिवशी धडधडतं त्या दिवशी अर्धीच गोळी. ज्या दिवशी मरगळ असते त्या दिवशी दीड. पातीनं कापते, वजन करून, दोन्ही अर्ध्यांत एक मिलिग्रॅमचाही फरक नसतो! रोजची नोंद ठेवलीय. सोबत आलेखाची एक प्रत पाठवतेय, बघ किती सुबक आलीय. डॉक्टरबाईंना मुद्दाम सांगितलं नाही, त्या उगाच रजेवर बसवतील आणि मग मुख्य वजन जिराफाकडे जाईल. साहेबांना तर मुळीच कळता कामा नये.

दोन महिने राहिलेत. तोवर मी हा काटा बरोबर मधोमध आणून ठेवते.

खारू

---

७ मार्च

अगं शहाणे,

अति शहाणा त्याचा बैल रिकामा! तुझा आलेख मी भिंतीला लावलाय. मधल्या जावेला दाखवला तर ती म्हणाली, "करवतीचं चित्र आहे का?" करवतच आहे ती, आणि तू स्वतःलाच कापत बसलीयस.

वजनखोलीत नोकरी लागली तेव्हा तूच मला लिहिलं होतंस, की पहिले तीन महिने साहेबांनी तुला काहीच करू दिलं नाही, नुसतं बसवून ठेवलं. काटा थांबेपर्यंत वाचायचा नाही, ही पहिली शिकवण. लिहिलं होतंस ना? मग या गोळीचा काटा थांबायला सहा-सात आठवडे लागतात हे तुला डॉक्टरबाईंनी सांगितलं नव्हतं? आज घेतलेली गोळी आठवडा उलटला तरी निम्मी अंगात असते. आणि तू सकाळी गोळी कापून दुपारी हात बघतेस! पी हळद नि हो गोरी, असं नसतं ते.

आता मी जे लिहिणार आहे ते तुझ्या बाबांनाही माहीत नाही. लिहून झाल्यावर पाकीट लगेच चिकटवणार आहे, नाहीतर फाडून टाकीन.

मी बस स्थानकावर घोषणा करायची, हे तुला माहीत आहे. तू लहान असताना तुला मांडीवर घेऊन माइकसमोर बसवलंही होतं. पुढे मी तिकीटखिडकी मागून घेतली, दिवसभर बोलून घसा दुखतो म्हणून, असं मी सगळ्यांना सांगत आले. खोटं आहे ते. मला तेव्हा नवीनच गोळी सुरू झाली होती. धडधड, घाम, केस, सगळं तुझ्यासारखंच. मी कुणाला न विचारता गोळी बंद केली. पहिले पंधरा दिवस इतकं छान वाटलं की काय सांगू. मग आवाज जाड झाला. मग जीभ जड झाली. शब्द तोंडातून निघायला वेळ लागायचा, आणि मला मात्र वाटायचं मी नेहमीसारखीच बोलतेय. लोक फलाटावर हसायचे. एकदा गाडी सुटून गेली आणि माझी घोषणा नंतर झाली. एक म्हातारी आपल्या लेकाला शेवटचं बघायला निघाली होती, तिची ती गाडी होती. ती काचेपाशी येऊन उभी राहिली. ओरडली नाही, काही नाही, नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

त्यानंतर मला खिडकीत बसवलं. गोळी पुन्हा सुरू केली, चार महिन्यांत आवाज परत आला, पण तोवर माइकसमोर दुसरी मुलगी बसली होती, आणि चांगली बोलायची ती. मी तोंड उघडलं नाही. एकतीस वर्षं उघडलं नाही.

उद्याच्या उद्या डॉक्टरबाईंकडे जा. मग साहेबांकडे जा. मुख्य वजन गेलं तर जाऊ दे. माझ्यासारखी लपून बसू नकोस.

आत्या

---

१६ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी दारातच उभी राहून वाचलं. तीनदा वाचलं. ती म्हातारी डोळ्यांसमोरून हलत नाही. तू फाडून टाकलं नाहीस, याचं फार फार बरं वाटतं.

गेले. आधी डॉक्टरबाई. त्यांनी मला दोन्ही हात पुढे पसरायला सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. आत्या, तो कागद पाखरासारखा फडफडत होता! मला वाटत होतं की थरथर मला एकटीलाच जाणवते. रक्त तपासलं, आणि मात्रा जास्तच होत आहे असं निघालं. आता सव्वाशे, रोज, एकही दिवस कमीजास्त न करता. सात आठवड्यांनी पुन्हा रक्त. गोळी कापायची पाती त्यांनी माझ्याकडून मागून घेतली आणि आपल्या खणात टाकली.

मग साहेब. मी सगळं सांगितलं, फरशीवरचे चार तास, कापलेल्या गोळ्या, तुझं नाव सोडून सगळं. त्यांनी हातातलं पेन टोपण लावून खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं. मग म्हणाले, "तुझा तो आलेख आण." आणि स्वतः उठून कपाटातून खोलीच्या तापमानाच्या नोंदी घेऊन आले.

आता हे नीट वाच. वजनखोलीचं तापमान आम्ही फार बारीक मोजतो, एका अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत, कारण माणसाच्या अंगाच्या उबेनंसुद्धा हवा हलते आणि तराजू फसतो. आत कोण बसलंय तेही दर वेळी लिहितो. जिराफ तासभर बसला की खोली असे वीस भाग, म्हणजे वीस हजारांश, तापते. ऑपरेशनच्या आधी मी बसले की तेवढीच तापायची. साहेबांनी माझ्या नावापुढचे आकडे एका खाली एक लिहायला सुरुवात केली. ऑपरेशननंतर मी कामावर आले तेव्हा पंधरा. आठवतं, तेव्हा मला सारखी थंडी वाजायची? नोव्हेंबरात सोळा. मात्रा वाढल्यावर जानेवारीत पंचवीस. फेब्रुवारीच्या मध्याला बत्तीस. मार्चमध्ये छत्तीस!

मी तोंडात बोट घातलं. पाच महिने माझं शरीर काय करत होतं ते त्या खोलीनं लिहून ठेवलं होतं, आणि मी रोज त्या कागदावर सही करून घरी जात होते. विचार कर, पत्र्याच्या त्या कपचीचा सातवा तुकडा मी सकाळी गिळते, आणि त्यानं एक अख्खी खोली तापते.

मग साहेबांनी त्या आकड्यांची रेघ काढली आणि माझा आलेख तिच्याखाली ठेवला. माझी रेघ करवतीसारखी वरखाली, वरखाली. खोलीची रेघ शांतपणे चढत गेलेली. माझ्या रोजच्या कापाकापीचा तिला पत्ताही नव्हता! अर्धी घेतली त्या दिवशी खोली थंड नाही, दीड घेतली त्या दिवशी गरम नाही. साहेबांनी माझ्या आकड्यांची सरासरी काढली. दीडशे. इतके खटाटोप करून, पाती आणून, वजनं करून मी नेमकं तेवढंच औषध घेत होते, जेवढं डॉक्टरबाईंनी लिहून दिलं होतं. साहेब आधी हसले, मग मी हसले, मग मी रडले. त्यांनी खिशातला रुमाल दिला आणि म्हणाले, "खोलीच्या बाहेर रड. आत दमटपणा वाढतो."

मुख्य वजनाचं त्यांनी काही ठरवलेलं नाही. तारीख हलवता येत नाही, कारण ज्या वजनाशी ते ताडायचं ते दुसरीकडून पहाऱ्यात येतं आणि तीन दिवसांत परत जातं. जिराफाला तयार राहायला सांगितलंय. मला म्हणाले, "रोज सकाळी दहा ते अकरा आत जाऊन बस. काही करू नकोस. आपण बघू."

रोज बसते. मांडीवर हात ठेवून.

खारू

---

२५ मार्च

खारूताई,

शाबास.

खोलीनं लिहून ठेवलं, हे दोनदा वाचलं. मी पत्र खाली ठेवलं आणि आपलाच हात आपल्या गळ्यावर ठेवून बसले. एकतीस वर्षं ती गोळी मी सुपारी टाकावी तशी तोंडात टाकली, एकदाही तिला नीट बघितलं नव्हतं. काल सकाळी चष्मा लावून बघितली.

आता तू एप्रिल संपेपर्यंत मला लिहू नकोस. आज हात कसा, काल कसा, असले रोजचे हिशेब मला नकोत आणि तुलाही नकोत.

आत्या

---

३ मे

प्रिय आत्या,

एप्रिल संपला, आता लिहिते.

रोज बसत होते. पहिले दोन आठवडे रेघ जागची हलली नाही. मी मनातून इतकी चिडले की त्या तापमापकाला शिव्या घातल्या. तिसऱ्या आठवड्यात छत्तीसाचे चौतीस. मग एकतीस. मी काही न करता! एवढा धीर धरायला मला जन्मात कुणी लावला नव्हता. धडधड कधी थांबली ते कळलंच नाही, एकदा जिना चढून आले आणि लक्षात आलं की मी जिराफाशी गप्पा मारत मारत चढलेय. त्याची माफीही मागून टाकली. तो म्हणाला, "अगं, मला वाटलं मी उंच आहे म्हणून तुला राग येतो."

वजनाच्या दिवशी सकाळी साहेबांनी मला हात पुढे करायला लावले आणि बोटांवर कागद ठेवला. डॉक्टरबाईंकडचं मीच त्यांना सांगितलं होतं. कागदाचा एक कोपरा जरासा हलला, आणि मग तोही थांबला. पण खोलीचा आकडा अजून सव्वीसच होता. वीस नव्हता. मी म्हटलं, "साहेब, जिराफाला करू दे. मी अजून गरम आहे." खरंच म्हटलं, आत्या. 

साहेब म्हणाले, "गरम असण्याचं तराजूला काही नसतं. त्याला बदल चालत नाही. तू आता रोज तेवढीच आहेस ना?"

"हो."

"मग जिराफ एक तास आधी बसला असता, तू तीन तास बस. खोलीला तुझी सवय होऊ दे."

मी सातला आत गेले. दहा वाजेपर्यंत खोली आणि मी. हळूहळू आकडा चढला, मग मंदावला, आणि एका क्षणी थांबला. खोली माझ्याएवढी झाली होती. मी काचेचं झाकण उचललं. आत्या, इतकं साधं दिसतं ते वजन! वाटीएवढंही नाही. चिमटा लावला, उचललं, आणि तराजूवर टेकवलं. आवाज म्हणून झाला नाही. सोळा वर्षं वाट बघितली आणि त्या वेळी माझ्या मनात काही म्हणजे काहीच नव्हतं. तीन दिवसांत चाळीस वेळा उचललं आणि ठेवलं.

पाच वर्षांत ते बावीस मायक्रोग्रॅमनं जड झालंय. झाकणाखाली ठेवूनसुद्धा नुसत्या हवेनं. माझ्या एका गोळीतल्या औषधाचा सहावा हिस्सा भरेल, एवढं. आणि ते आम्हाला कळलं! साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

अहवालाच्या पहिल्या पानावर एक रकाना असतो, "मोजणीवर परिणाम करणाऱ्या बाबी". तापमान, हवेचा दाब, दमटपणा, सगळं तिथे लिहायचं. मी ते लिहिलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: "वजन करणारी व्यक्ती रोज थायरॉइडची गोळी घेते, सव्वाशे मायक्रोग्रॅम. अंगाची ऊब नेहमीपेक्षा थोडी जास्त. खोली स्थिर होण्यासाठी तीन तास दिले." साहेबांनी वाचलं. मला वाटलं, खोडतील. त्यांनी "थोडी" खोडलं आणि वर लिहिलं, "सहा हजारांश." मग सही केली.

तुझी,
खारू

---

१५ मे

लाडके खारू,

तुझं पत्र आलं त्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी मी आणि माझी जुनी मैत्रीण बागेत बसतो. शेजारच्या खिडकीत तिकिटं द्यायची ती, वीस वर्षं आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो. तुझी अहवालातली ती गोळीची ओळ मी तिला वाचून दाखवली, आणि तुझ्या त्या ओळीनंच धीर आला, म्हणून मग तिला माझंही सांगितलं. गोळी, बंद केली ते, आवाज, ती म्हातारी, सगळं. तिनं काही विचारायच्या आत एका दमात सांगून टाकलं.

ती बाकावरून उठली. मग माझ्या चांगल्या कानाशी आली आणि मोठ्यानं म्हणाली, "गोळी होती होय! अगं, आम्हा सगळ्यांना वाटायचं तू प्यायला लागलीस!"

मला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. तिनं पुन्हा सांगितलं. जीभ जड, चाल मंद, डोळे सुजलेले, दुसरं काय वाटणार? ती म्हणे माझ्या पाण्याच्या बाटलीचा वास घेऊन बघायची. वास कधी आला नाही, तर तिला वाटलं मी फार हुशारीनं पिते. वरचे साहेब मला घरीच बसवायला निघाले होते, कागद तयार झाला होता. ही त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, तिला माझ्या शेजारच्या खिडकीत बसवा, मी तिच्यावर लक्ष ठेवीन, काही झालं तर मलाही काढा.

खिडकी मी मागून घेतली, असं मी जगाला सांगत आले. मागून घेतली होती खरी, पण तिनं. आणि मला एका शब्दानं कळू दिलं नाही, मला लाज वाटू नये म्हणून.

 एकतीस वर्षं ती मला बेवडी समजत होती, खारू, आणि त्यातली वीस वर्षं रोज माझ्याच शेजारी बसून डबा खात होती.

तुझी,
आत्या